ॲप्टच्या सेटिंग फाइली आणि अखेरचा शब्द

लिनक्सवर आधारलेल्या संगणकप्रणालींत वापरकर्त्याने प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी निराळ्या संकेतस्थळावर जाऊन इन्स्टॉलर उतरवून घ्यावा, अशी सहसा अपेक्षा नसते. प्रणाली तयार करणारी संस्था हजारो सॉफ्टवेअर तपासून आणि बांधून एका मोठ्या भांडारात ठेवते. आणि वापरकर्त्याच्या संगणकावरील ‘पॅकेज व्यवस्थापक’ नावाचा प्रोग्रॅम त्या भांडारातून हवे ते सॉफ्टवेअर आणतो, ते चालण्यासाठी लागणारी इतर सॉफ्टवेअर आपण होऊन सोबत घेतो, नवी आवृत्ती आली की जुनीच्या जागी बसवतो आणि नको झाल्यावर सगळे काढूनही टाकतो. ‘पॅकेज’ म्हणजे सॉफ्टवेअरच्या फाइली आणि त्यांविषयीची माहिती, म्हणजे नाव, आवृत्ती, कशाकशावर अवलंबून आहे ती यादी, असे सारे एकत्र बांधलेले गाठोडे. आयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात ही व्यवस्था फार बारकाईने विकसित झाली. तेथे ‘डीपीकेजी’ हा प्रोग्रॅम हाती आलेले पॅकेज बसवण्याचे काम करतो, तर १९९९ च्या डेबियन २.१ या आवृत्तीपासून समाविष्ट झालेला ‘ॲप्ट’ हा त्याच्या वरचा प्रोग्रॅम पॅकेज कोठून आणायचे आणि कोणती आवृत्ती निवडायची हे ठरवतो. उबुंटू, लिनक्स मिंट, रास्पबेरी पाय ओएस आणि सी-डॅकने भारतात तयार केलेली बॉस ही प्रणाली या साऱ्यांकडे हाच वारसा आलेला आहे.

पॅकेज बसवताना त्याच्या सोबत आलेल्या लहान आज्ञावल्या संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याच्या, म्हणजे ‘रूट’च्या, अधिकाराने चालतात. त्यामुळे पॅकेज कोणाकडून घ्यायचे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. ज्याचे पॅकेज बसले त्याला त्या क्षणापुरता संगणकाचा पूर्ण ताबा मिळालेला असतो. या प्रश्नाचे उत्तर ॲप्ट ‘ईटीसी’ या फोल्डरातील ‘ॲप्ट’ या उपफोल्डरात ठेवलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींत शोधतो. त्या कोणत्याही साध्या संपादकात उघडून वाचता येतात, आणि वाचल्याही पाहिजेत, कारण संगणकावर कोणाचा शब्द चालेल हे तेथे लिहिलेले असते.

त्यांतील पहिली फाइल ‘सोर्सेस डॉट लिस्ट’. तिच्या जुन्या रूपात एका ओळीत एक स्रोत लिहिला जातो: आरंभी ‘डेब’ हा पॅकेजचा प्रकार, मग भांडाराचा पत्ता, मग डेबियनच्या आवृत्तीचे नाव, आणि शेवटी ‘मेन’, ‘कॉन्ट्रिब’, ‘नॉन-फ्री’ यांसारखे विभाग. पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर ‘मेन’मध्ये असते, वायफाय कार्डासारख्या उपकरणांना लागणाऱ्या बंदिस्त फर्मवेअरसाठी २०२३ च्या डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग झाला. आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांवरून ठेवलेली असतात. खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलाचे नाव कायम अस्थिर राहणाऱ्या शाखेला दिले आहे, आणि ते तिला शोभतेही.

याच ओळीत आवृत्तीचे नाव कसे लिहावे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा निर्णय फार दूरवर परिणाम करतो. तेथे ‘बुकवर्म’ असे लिहिले तर संगणक डेबियन १२ वरच राहतो. ‘स्टेबल’ असे लिहिले तर तो शब्द ज्या दिवशी ज्या आवृत्तीकडे निर्देश करील तिच्याकडे संगणक वळतो, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘ट्रिक्सी’ ही आवृत्ती प्रसिद्ध होताच तो निर्देश बदलला. ॲप्टच्या अलीकडच्या आवृत्त्या अशा वेळी ‘भांडाराचे सांकेतिक नाव बदलले आहे, मान्य आहे का’ असे विचारतात. पण सवयीने होकार देणाऱ्याला त्या प्रश्नाचा उपयोग नाही, आणि नेहमीचे किरकोळ अपडेट समजून सुरू केलेले काम संपूर्ण प्रणालीच्या स्थलांतरात बदलते. उलट, सांकेतिक नाव लिहिणाऱ्यालाही डोळे मिटून चालत नाही. डेबियन १० पर्यंत सुरक्षा-भांडारासाठी ‘बस्टर/अपडेट्स’ अशी लेखनपद्धती होती, ती २०२१ च्या डेबियन ११ पासून ‘बुलसाय-सिक्युरिटी’ अशी झाली. ज्यांनी फाइलीत सर्वत्र फक्त जुने नाव काढून नवे घातले, त्यांच्याकडे नेमका सुरक्षा-स्रोतच सापडेनासा झाला.

स्रोताचा पत्ता लिहिला म्हणजे त्याच्यावर विश्वास बसला असे ॲप्ट मानत नाही, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. भांडारात ‘रिलीज’ नावाची एक फाइल असते, तिच्यात पॅकेजांच्या सूचींचे गणिती ठसे नोंदलेले असतात, सूचींत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो, आणि ‘रिलीज’ फाइलीवर भांडार चालवणाऱ्याची अंकीय स्वाक्षरी असते. स्वाक्षरी पटली की साखळीतील पुढचे सारे तपासता येते. वाटेत कोणी एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या डेबियन ४.० पासून रूढ झाली. मात्र बराच काळ तिच्यात एक सैलपणा होता: वापरकर्त्याने मान्य केलेल्या सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात जात, आणि जुडग्यातील कोणतीही किल्ली कोणत्याही भांडारासाठी ग्राह्य धरली जाई. एखाद्या लहानशा कंपनीचा प्रिंटर चालक घेण्यासाठी तिची किल्ली स्वीकारली, तर तत्त्वतः त्या किल्लीने डेबियनच्या मुख्य भांडाराच्या नावाने केलेली स्वाक्षरीही चालून गेली असती. आता प्रत्येक स्रोताच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ हे कलम लिहून ही किल्ली या दारापुरतीच असे बजावता येते. ‘डॉट सोर्सेस’ अशा अखेरीच्या नव्या फाइलींत पत्ता, आवृत्ती, विभाग आणि किल्ली ही कलमे आपापल्या नावांनिशी वेगवेगळ्या ओळींवर येतात, त्यामुळे हे लिहिणे सोपे झाले आहे, उबुंटूने २४.०४ या आवृत्तीपासून मुख्य स्रोतांसाठी हेच रूप स्वीकारले. याउलट, ‘ट्रस्टेड’ या पर्यायापुढे ‘यस’ लिहून तपासणीच बंद पाडण्याचा सल्ला जेथे मिळेल, तेथे त्या सॉफ्टवेअरची गरज खरोखर किती आहे याचा फेरविचार करणे बरे.

सेटिंग एकाच मोठ्या फाइलीत न ठेवता ‘डी’ अशी अखेर असलेल्या फोल्डरांत अनेक लहान फाइलींत विभागण्याची पद्धत डेबियनने का पत्करली, हे डीपीकेजीच्या एका नियमावरून उमगते. पॅकेजसोबत आलेल्या सेटिंग फाइलीला वापरकर्त्याने हात लावलेला नसेल, तर अपग्रेडच्या वेळी तिच्या जागी नवी फाइल निमूटपणे बसते. वापरकर्त्याने ती बदलली असेल आणि पॅकेजकर्त्यानेही नव्या आवृत्तीत ती बदलली असेल, तर डीपीकेजी थांबून कोणाची फाइल ठेवायची हे विचारतो, आणि काहीही न निवडता एंटर दाबल्यास वापरकर्त्याची फाइल राखतो. हा नियम न्याय्य आहे, पण शंभर संगणक सांभाळणाऱ्या प्रशासकाला शंभरदा तोच प्रश्न परवडत नाही. म्हणून पॅकेजकर्त्याने आपल्या फाइलीत लिहावे, प्रशासकाने शेजारी स्वतःची फाइल ठेवावी, आणि कोणी कोणाच्या फाइलीत लिहू नये, अशी वहिवाट पडली.

ॲप्टच्या वर्तनाच्या सेटिंगांसाठी ‘ॲप्ट डॉट कॉन्फ डॉट डी’ हे असे फोल्डर आहे. त्यातील फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोनदा आले तर नंतरचे टिकते, म्हणून फाइलींच्या नावांआधी २०, ५०, ९९ असे आकडे घालतात. ‘ॲप्ट डॉट कॉन्फ’ ही एकटी फाइल असलीच तर ती या सर्वांनंतर वाचली जाते, आणि कमांडसोबत दिलेला पर्याय तिच्यावरही मात करतो. येथे दोन ठिकाणी अनुभवी माणसेही चकतात. पहिले म्हणजे, ज्या सेटिंगचे मूल्य ही एक यादी असते, जसे आपोआप अपग्रेड होऊ द्यायच्या भांडारांची यादी, तिच्यात नंतरच्या फाइलीतील नोंदी जुन्यांच्या जागी न येता त्यांच्यात भर घालतात. जुनी यादी पुसायची असेल तर ‘क्लिअर’ हा आदेश आधी हॅशचे चिन्ह लावून लिहावा लागतो. एरवी तेच चिन्ह टिपणाची खूण असल्याने हा आदेश टिपणासारखा दिसतो, आणि ही रचना फारशी दूरदर्शी म्हणवत नाही. दुसरे म्हणजे फाइलीचे नाव: या फोल्डरात अखेर नसलेले किंवा ‘कॉन्फ’ अशी अखेर असलेलेच नाव चालते, त्यामुळे ‘डॉट टीएक्सटी’ने जतन केलेली फाइल ॲप्ट वाचतच नाही.

या फोल्डरातील नेहमीच्या नोंदी साध्या असतात. ‘२०ऑटो-अपग्रेड्स’ या फाइलीतील १ हा आकडा याद्या दर दिवसाला ताज्या कराव्यात असे सांगतो आणि ० ते बंद करतो. आणखी एक नोंद सुचवलेली पूरक पॅकेजे टाळते. तर प्रॉक्सीची नोंद महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सर्व संगणकांना एकाच साठवण-सर्व्हरकडे वळवते, जेणेकरून तेच पॅकेज इंटरनेटवरून पुन्हा पुन्हा उतरवावे लागत नाही.

खरी चुरस ‘प्रेफरन्सेस’ या फाइलींत दिसते. एकाच पॅकेजच्या अनेक आवृत्त्या अनेक स्रोतांत असतील तर ॲप्ट प्रत्येकीला अग्रक्रमाचा आकडा देतो: साधारण स्रोताला ५००, आधीच बसवलेल्या आवृत्तीला १००. आकडे समान असले तर चढी आवृत्ती निवडली जाते. म्हणूनच स्थिर डेबियनवर एका नव्या प्रोग्रॅमसाठी ‘टेस्टिंग’ शाखेची ओळ घातली आणि तिचा आकडा खाली आणला नाही, तर पुढच्या अपग्रेडमध्ये झाडून सारी पॅकेजे तिकडची येऊ पाहतात; अशा सरमिसळ प्रणालीला डेबियनच्या वर्तुळात ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. ऋण आकडा दिल्यास ते पॅकेज मुळीच बसत नाही, आणि १००० पासून पुढे ॲप्ट आवृत्ती मागे नेण्यासही तयार होतो.

या आकड्यांना धोरणाचे वजन कसे येते, हे उबुंटूच्या ‘स्नॅप’ या दुसऱ्या पॅकेजपद्धतीवरून झालेल्या वादात दिसले. उबुंटू २०.०४ मध्ये क्रोमियम ब्राउझरचे पॅकेज पोकळ होते. ॲप्टने ते मागवले की प्रत्यक्षात स्नॅप बसे. उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंटला हे मान्य नव्हते, आणि २०२० च्या मिंट २० मध्ये त्यांनी ‘नोस्नॅप’ नावाची फाइल घातली, जिच्यात ‘स्नॅपडी’ या पॅकेजला उणे १० हा आकडा दिला आहे. तीन ओळींत एका प्रणालीने आपल्या मूळ प्रणालीचा निर्णय परतवला, आणि ज्याला स्नॅप हवेच असेल त्याने ती फाइल काढून टाकावी एवढी वाटही मोकळी ठेवली. फायरफॉक्सची तऱ्हा याच्या उलट. उबुंटू २२.०४ पासून त्याचेही ॲप्ट पॅकेज तसेच पोकळ झाले, आणि त्याच्या आवृत्तीचा आरंभ ‘१’ आणि विसर्गचिन्हाने होतो. डेबियनच्या नियमानुसार विसर्गचिन्हाआधीचा आकडा बाकी साऱ्या आकड्यांवर मात करतो, त्यामुळे मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातील शंभराच्या पुढची खरीखुरी आवृत्ती या पोकळ पॅकेजपुढे खालची ठरते. म्हणून मोझिला आपल्या सूचनांत भांडाराच्या ओळीसोबत १००० अग्रक्रमाची फाइलही लिहायला सांगते; ती वगळणाऱ्याने भांडार नीट जोडले तरी त्याच्याकडे स्नॅपच येत राहते.

असा गुंता सोडवताना तर्क लढवत बसण्यापेक्षा ‘ॲप्ट पॉलिसी’ या कमांडपुढे पॅकेजचे नाव द्यावे. बसवलेली आवृत्ती, निवडली जाणारी आवृत्ती आणि प्रत्येक स्रोताचा आकडा तेथे समोर येतो. सगळ्या फाइली एकवटून अखेर कोणती सेटिंगे लागू झाली हे ‘ॲप्ट-कॉन्फिग डंप’ दाखवते. बाहेरचा स्रोत काढताना मात्र एक गोष्ट हमखास राहून जाते: त्याची फाइल पुसली तरी त्याच्याकडून आलेली पॅकेजे संगणकावर तशीच राहतात, त्यांना यापुढे कोणतेही सुरक्षा अपडेट मिळत नाही आणि त्याबद्दल ॲप्ट कसली तक्रारही करत नाही; ‘ॲप्ट लिस्ट’च्या यादीत त्यांच्यापुढे ‘लोकल’ एवढाच शब्द येतो.