कुणीतरी जाईलच की!

रात्री शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो. भांडी आपटल्याचा आवाज, मग बाईचं रडणं. आळीतले दिवे लागतात, खिडक्या किलकिल्या होतात आणि थोड्या वेळाने हळूच बंदही होतात. सकाळी सगळ्याजणी म्हणतात, ‘अगं, मलाही ऐकू आलं!’ मग गेलं का नाही कुणीच? ‘माणुसकीच राहिली नाही हो,’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, मानसशास्त्राचं उत्तर जरा वेगळं आहे.

मानसशास्त्र म्हणजे चेहरा बघून मन ओळखण्याची विद्या नव्हे. माणूस असा का वागतो, हे तपासून पाहणारं ते शास्त्र आहे. ‘तपासून’ हा शब्द महत्त्वाचा!

१३ मार्च १९६४ची पहाट. न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज ही २८ वर्षांची तरुणी कामावरून परतत असताना घराजवळच तिचा खून झाला. ३८ जणांनी हे पाहिलं आणि कुणीच पोलिसांना कळवलं नाही, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली. शहरी माणसं दगड झालीत, असं जो तो म्हणू लागला. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना मात्र वेगळीच शंका आली. लोक पुष्कळ होते, म्हणूनच तर कुणी पुढे आलं नसेल? अशा तपासता येईल अशा अंदाजाला शास्त्रात ‘गृहीतक’ म्हणतात.

मग त्यांनी प्रयोग केला. तो १९६८मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून गप्पा मारायला सांगितलं. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. तो खरं तर टेपवरचा होता. ‘ऐकणारी मी एकटीच’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला धावले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटलं, तेव्हा ६२ टक्के. आणखी चौघं आहेत म्हटल्यावर फक्त ३१ टक्के!

यातली खुबी बघा. कोणी कोणत्या गटात जायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. बाकी सगळं सारखं, बदलली ती फक्त माणसांची संख्या. म्हणजे फरक पडला तो संख्येमुळेच, असं खात्रीने म्हणता येतं. आणि जे उठले नाहीत, ते काही निर्दयी नव्हते. कित्येकांचे हात थरथरत होते. जबाबदारी सगळ्यांची झाली की ती कुणा एकाची राहत नाही, एवढंच.

शास्त्र इथेच थांबलं नाही, हे मला फार आवडतं. २००७मध्ये संशोधकांनी जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा ३८ जणांची ती गोष्ट बरीच फुगवलेली निघाली. एक शेजारीण तर जिना उतरून किटीजवळ गेली होती. २०१९मध्ये तीन देशांतल्या शहरांमधल्या २१९ रस्त्यावरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण अभ्यासलं गेलं. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं! मग पहिला प्रयोग खोटा का? नाही. तिथे मुलं एकमेकांना दिसत नव्हती, रस्त्यावर माणसं एकमेकांना दिसतात. म्हणून तर एकाच अभ्यासावर विसंबायचं नसतं. प्रयोग हवा, तसंच प्रत्यक्ष निरीक्षणही हवं.

आता आपल्या आळीकडे वळू. बंद दारांआड आपणही त्या खोल्यांतल्या मुलांसारख्याच असतो. प्रत्येकीला वाटतं, दुसरी जाईल. म्हणून पहिलं काम म्हणजे दार उघडून शेजारणीला हाक मारायची. दोघी-तिघींनी मिळून जायचं, बेल वाजवायची, ‘वहिनी, जरा विरजण मिळेल का?’ एवढं विचारलं तरी उगारलेला हात खाली येऊ शकतो. २००८मध्ये सुरू झालेली ‘बेल बजाओ’ मोहीम हेच सांगत होती. गर्दीत मदत हवी असेल, तर ‘कुणीतरी या हो’ म्हणू नका. ‘अहो निळा शर्टवाले दादा, तुम्ही पोलिसांना फोन लावा,’ असं एकालाच सांगा. जबाबदारीला धनी मिळतो.

जायची भीती वाटत असेल, तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ नंबर फिरवा. कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा, २००५ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही.

‘दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आपण कशाला पडा?’ असं घरातले म्हणतीलही. त्यांना एवढंच विचारा, आज त्या घरात आपली लेक असती तर? खिडकीशी उभी असलेली प्रत्येकजण दुसरीची वाट बघत असते. तिची वाट संपवायला आपण एकीने दार उघडलं तरी पुरे.