हिशेब वेळेत हवा

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात संत दामाजीपंतांचे मंदिर आहे. पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत, ते इथले अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उपाशी माणसांसाठी उघडली आणि बिदरहून धान्याचा हिशेब मागितला गेला. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन रक्कम भरली व पावती घेतली, अशी कथा वारकरी परंपरा सांगते. लोकांनी या अधिकाऱ्याला संत मानले. पण त्या कथेतसुद्धा भरणा आहे, पावती आहे. धान्य भुकेल्यांच्या मुखी पडले तरी सरकारी कोठाराचा हिशेब चुकत नाही.

त्याच सोलापूर जिल्ह्यात दुष्काळनिवारणाच्या खर्चाचा हिशेब अलीकडे पुन्हा मागितला गेला. डिसेंबर 2014 मध्ये राज्याने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती, सिमेंट बंधारे, गाळ काढणे अशा कामांतून 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा, असे ठरले होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, यांचा या अभियानावरचा अहवाल सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात मांडला गेला. तपासणीसाठी सहा जिल्हे निवडले होते: नागपूर, बुलढाणा, नाशिक, अहमदनगर, बीड आणि सोलापूर. त्यांतल्या 120 गावांमधील 1,128 कामे पाहण्यात आली. अभियानावर राज्यभरात 9,633.75 कोटी रुपये खर्च झाले होते.

निष्कर्ष गंभीर होते. 120 पैकी 83 गावांत झालेला पाणीसाठा पिण्याच्या आणि शेतीच्या ठरवलेल्या गरजेला पुरेसा नव्हता. कित्येक गावे ‘जलपरिपूर्ण’ घोषित झाली होती, पण त्यांतल्या अनेकांच्या पाण्याचा ताळेबंद जुळत नव्हता. कामांच्या देखभालीसाठी गावपातळीवर निधी उभा करणे मागे पडले होते. देखरेख आणि त्रयस्थ मूल्यमापनातही त्रुटी आढळल्या. टँकर तर बंद झालेच नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 2018 साली पावसाने दगा दिला आणि राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आकाशातून पडलेच नाही, तर बंधारा साठवणार काय? पुढे या अहवालावरून राजकीय वाद पेटला, राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष पथकही नेमले. लेखापरीक्षेचा आक्षेप म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. तो प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर देणे खात्यावर बंधनकारक असते.

सरकारी पैशाचे नुकसान अनेक वाटांनी होते, म्हणून लेखापरीक्षक त्याला वेगवेगळी नावे देतात. रक्कम खिशात घातली तर तो अपहार. शाळेचा निधी कार्यालयाच्या गाडीवर खर्च केला तर ते निधी वळवणे. ठेकेदाराला झालेल्या कामापेक्षा जास्त बिल दिले तर अतिप्रदान. बंधारा बांधला पण पाणी थांबलेच नाही, तर तो निष्फळ खर्च. यातल्या शेवटच्या प्रकारात कदाचित कोणी एक रुपयाही खाल्लेला नसतो. तरीही सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या शेतकऱ्याचे नुकसान तेवढेच होते.

हे पकडायचे कसे? त्यासाठी कागदाला कागद लावून पाहावा लागतो. रोकडवहीतली शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळते का? मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, लिहिलेली लांबी, रुंदी, खोली जागेवर भरते का? साठा नोंदवहीतले सिमेंट कामावर गेले का? प्रमाणकावर सही कोणाची, आणि ज्या तारखेला मजूर कामावर दाखवले त्या तारखेला काम चालू होते का? शंका आली की लेखापरीक्षक अर्धसमास पत्र देतो. कार्यालयाने त्यावर खुलासा द्यायचा. खुलासा पटला नाही तर आक्षेप अहवालात जातो.

राज्य सरकारच्या खात्यांचे लेखापरीक्षण कॅगची यंत्रणा करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 151 प्रमाणे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि लोकलेखा समिती त्यावर अधिकाऱ्यांची साक्ष घेते. सोलापूर जिल्हा परिषद, पंचायत समित्या, ग्रामपंचायती यांच्यासाठी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग आहे. त्याचा कायदा 1930 सालचा. नियमबाह्य खर्च किंवा निष्काळजीपणाने झालेले नुकसान जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. जिल्हा परिषदेच्या आक्षेपांवर विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येऊन जाब विचारते.

कायदा आहे, यंत्रणा आहे. मग पैसा परत का येत नाही? याचे एक मोठे कारण उशीर हे आहे. लेखापरीक्षण खर्च झाल्यानंतर होते, कधी कधी काही वर्षांनी. तोवर ग्रामसेवक बदलून गेलेला असतो, अभियंता निवृत्त झालेला असतो, दप्तर सापडत नाही. महाराष्ट्राच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम 27 असा आहे की, निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची असेल तर ती घटना त्यापूर्वीच्या चार वर्षांतलीच असावी लागते. म्हणजे आक्षेपाची फाइल पाच वर्षे टेबलावर पडून राहिली, तर या वाटेने चौकशी करण्याचा मार्गच बंद होतो. ‘शकपूर्तता प्रलंबित’, म्हणजे आक्षेपाची पूर्तता अजून बाकी, हा शेरा वरकरणी किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्या प्रत्येक प्रलंबित वर्षाचा फायदा चूक करणाऱ्याला मिळतो.

म्हणूनच काम चालू असताना पाहणारी नजर महत्त्वाची ठरते, आणि ती गावाकडे आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने सामाजिक लेखापरीक्षणाची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली. हजेरीपत्रक सर्वांसमोर वाचायचे, नाव असलेल्याने उठून सांगायचे की मजुरी मिळाली की नाही. मुंबईच्या अधिकाऱ्याला नाल्याची मूळ खोली माहीत नसते. त्या नाल्याच्या काठावर जनावरे चारणाऱ्याला ती पक्की ठाऊक असते.

माहिती अधिकाराची वाटही खुली आहे. हा अधिकार फक्त कागदाच्या झेरॉक्सपुरता नाही. कायद्याच्या कलम 2 प्रमाणे नागरिकाला कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेता येतात. अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा: मागच्या लेखापरीक्षण अहवालाचे वाचन, त्यातल्या प्रत्येक आक्षेपाची शकपूर्तता आणि वसूल झालेल्या रकमेचा आकडा. उत्तर मिळाले नाही तर तशी नोंद इतिवृत्तात करून घ्या, त्याची प्रत घ्या आणि त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज द्या.