बंदूकखरेदी आणि मनोविकाराची कायदेशीर व्याख्या

अमेरिकेत सामूहिक गोळीबाराची मोठी घटना घडली की मनोरुग्णांच्या हाती बंदूक पडू नये ही मागणी जोर धरते. परंतु अशी व्यक्ती नेमकी कोण, हे ठरवताना तेथील केंद्रीय कायदा डॉक्टरांच्या निदानापेक्षा अधिकृत निर्णयाला महत्त्व देतो. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार न्यायालयाने किंवा तत्सम यंत्रणेने मानसिक कारणास्तव स्वतःला वा इतरांना धोकादायक अथवा स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास असमर्थ ठरवलेल्या, तसेच सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. आपखुशीने दाखल झालेला रुग्ण या व्याख्येत बसत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे भरावयाच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जातही याच निर्णयांची विचारणा असते. नैराश्यावरील औषधांची नसते.

ही चौकट नोंदींवर उभी असल्याने नोंद राहून गेली की ती कुचकामी ठरते. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा बळी घेणाऱ्या विद्यार्थ्याला न्यायालयाने २००५ मध्येच बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता, तथापि ती माहिती केंद्रीय पडताळणी यंत्रणेकडे न पोहोचल्याने त्याला पिस्तुले विकत घेता आली.

त्यावर उपाय म्हणून औषधाची चिठ्ठीच निकष मानावी, असे सुचवले जाते. मात्र २०१५ ते २०१८ या काळातील सरकारी पाहणीनुसार सुमारे १३ टक्के अमेरिकी प्रौढ नैराश्यरोधके घेत होते. शिवाय ड्युलोक्सेटीन मज्जातंतूंच्या वेदनांवर, तर ब्युप्रोपिऑन धूम्रपान सोडवण्यासाठीही दिले जाते. म्हणजेच चिठ्ठीवरून आजारही खात्रीने कळत नाही, मग धोका कळणे दूरच. उलट हक्क जाईल या भीतीने गरजू माणूस उपचारच टाळण्याची शक्यता असते.

याचा अर्थ नैराश्य आणि बंदूक यांचा संबंध नाही, असा नव्हे. अमेरिकेतील बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात आणि घरात बंदूक हाताशी असल्यास क्षणिक आवेगही जीवघेणा ठरतो. म्हणूनच कनेटिकटने १९९९ मध्ये केलेला कायदा विचारात घेण्याजोगा आहे: धमकी किंवा आत्महत्येचा प्रयत्न यांसारख्या अलीकडच्या वर्तनाचा पुरावा पाहून न्यायालय बंदूक काढून घेण्याचा आदेश देते आणि संबंधिताला बाजू मांडण्याची संधीही मिळते. निदान किंवा गोळ्यांऐवजी वर्तन तपासणारा हा निकष रुग्णाला उपचारांपासून दूर लोटत नाही आणि ज्याला कोणतेही निदान झालेले नाही, अशा धोकादायक माणसालाही लागू पडतो.