जिन्यावरची खुर्ची : खर्च यंत्राचा आणि जिन्याचा

परभणीच्या बाजारपेठेत, गंगाखेड-सेलूच्या पेठांत किंवा जिंतूरच्या मुख्य रस्त्यावर घरांची एक रचना हमखास आढळते : खाली दुकान, वर बिऱ्हाड. तळमजला व्यवहाराचा आणि माडी संसाराची. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी हौसेने हे घर बांधले, ते गृहस्थ आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. गुडघे साथ देत नाहीत, उतरताना तोल जातो. दवाखान्यात न्यायचे तर दोघांनी धरावे लागते, म्हणून दवाखानाच लांबणीवर पडतो. मग देऊळ सुटते, लग्नकार्ये सुटतात आणि माणूस स्वतःच बांधलेल्या घरात अडकून राहतो. अशा वेळी कोणीतरी स्टेअरलिफ्टचे, म्हणजे जिन्याच्या कडेने रुळावरून वर-खाली सरकणाऱ्या खुर्चीचे नाव काढते आणि सर्वांच्या ओठी एकच प्रश्न येतो : खर्च किती?

हे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा आपल्या जिन्यात अधिक सापडेल. खुर्ची, मोटार आणि बॅटरी बहुतेक घरांसाठी सारख्याच असतात. किमतीत मोठा फरक पडतो तो रुळामुळे. जिना खालपासून वरपर्यंत एका रेषेत असेल, तर तयार रूळ हव्या त्या लांबीला कापून बसवता येतो. जिना मध्येच वळत असेल, तर पायरी-पायरीचे माप घेऊन केवळ त्या घरापुरता रूळ कारखान्यात वाकवून घ्यावा लागतो. म्हणून सरळ जिन्याला काही लाख रुपये लागत असतील, तर वळणाच्या जिन्याला त्याच्या दुप्पट, कधी तिप्पटही मोजावे लागतात. शिवाय असा रूळ दुसऱ्या घरात बसत नाही. उद्या गरज संपली, तर त्याचे मोल भंगाराच्या पलीकडे फारसे उरत नाही. सरळ रूळ निदान पुन्हा वापरात येऊ शकतो.

आपल्याकडची अडचण नेमकी इथेच आहे. सिमेंट-काँक्रीटच्या घरांतील बहुसंख्य जिने अर्ध्यावर लँडिंग घेऊन उलट दिशेला वळतात. यावर उपाय म्हणून दोन टप्प्यांना दोन सरळ खुर्च्या बसवण्याचा पर्याय सुचवला जातो. तो पुष्कळदा स्वस्त पडतो, परंतु लँडिंगवर एका खुर्चीतून उठून दुसरीत बसावे लागते. ज्यांना उठताना चक्कर येते किंवा ज्यांचे पाय लटपटतात, त्यांच्यासाठी ही काटकसर मला योग्य वाटत नाही. घरात सोबतीला सदैव कोणी असेल, तरच तिचा विचार करावा.

जुन्या वाड्यांचा प्रश्न निराळा. भिंतीच्या पोटातून माळवदावर जाणारा दगडी जिना इतका चिंचोळा आणि चढा असतो की तिथे खुर्ची बसणेच अवघड. साधारणतः अडीच फूट मोकळी रुंदी हाताशी असावी. खुर्ची दुमडून ठेवल्यावरही घरातल्या इतरांना ये-जा करता आली पाहिजे. जिन्याच्या तळाशीच दार उघडत असेल, तर रुळाचे टोक बिजागरीवर उचलून घेण्याची सोय लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. रूळ सहसा भिंतीला न जोडता पायऱ्यांनाच बोल्टने जखडतात. त्यामुळे पायऱ्यांवर बसवलेली कडप्पा वा शहाबादी फरशी पोकळ वाजत असेल, तर छिद्र पाडताना ती तडकते. असे काम आधी गवंड्याकडून दुरुस्त करून घ्यावे लागते. हा खर्च विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात बहुधा नसतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात विशेष ध्यानात घ्यावी. वरचा मजला स्वतंत्र राहावा म्हणून पुष्कळ घरांचा जिना बाहेरून काढलेला असतो. घरातील वापरासाठी बनवलेली खुर्ची अशा जिन्यावर बसवणे म्हणजे पैसे उन्हात ठेवणे होय. उघड्या जिन्यासाठी पाऊस, धूळ आणि ऊन सोसणारे वेगळे यंत्र मिळते व ते महाग असते. जिन्यावर पत्र्याचे छप्पर घातले तर पाऊस अडतो. मात्र वैशाखात त्याच पत्र्याखाली जो ताप साठतो, तो बॅटरीला मानवत नाही.

बॅटरीविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. ही खुर्ची घरातील विजेवर थेट धावत नाही. साध्या प्लगवरून बॅटरी भरली जाते आणि खुर्ची बॅटरीवर चालते. म्हणून वीज गेली तरी काही फेऱ्या सुखरूप होतात. भारनियमन अनुभवलेल्या गावांना याचे महत्त्व सांगायला नको. पण शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य सभोवतालचे तापमान सुमारे १० अंशांनी वाढले, की ढोबळमानाने निम्म्यावर येते. परभणीचा पारा उन्हाळ्यात चाळिशी पार करतो. थंड प्रदेशातील घर डोळ्यांपुढे ठेवून सांगितलेली मुदत येथे टिकेलच असे नाही. नव्या बॅटऱ्यांचा खर्च दर काही वर्षांनी येणार, हे आजच हिशेबात धरा. वायरमनकडून अर्थिंगही तपासून घ्या.

त्याहून मोठा आवर्ती खर्च देखभालीचा. यंत्र बिघडले की तंत्रज्ञ कोठून येणार, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. तो छत्रपती संभाजीनगरहून येणार असेल तर अंतर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, पुण्याहून येणार असेल तर चारशेच्या पुढे. येण्याजाण्याचा खर्च कोणाकडे, किती दिवसांत येण्याची हमी, सुटे भाग देशात मिळतात का, वार्षिक देखभाल करारात बॅटरी धरली आहे का, अंदाजपत्रकातील रक्कम करासहित आहे की करावेगळी, हे सारे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनांवर विसंबू नये.

अखेरीस बसणारी व्यक्ती. वजन अधिक असेल तर अधिक भार पेलणारी खुर्ची लागते. कमरेला पीळ देता येत नसेल तर बटणाने वळणारे आसन लागते. दोन्हींनी किंमत चढते. मात्र ज्यांना स्वतः खुर्चीवर बसता-उठता येत नाही किंवा ज्यांची स्मृती ढासळली आहे, त्यांच्याबाबत आधी डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोला. पट्टा सोडून मध्येच उठण्याचा धोका असतो. अशा वेळी चावी लावल्याखेरीज न चालणारी खुर्ची आणि सोबत माणूस, दोन्ही हवेत.

इतके झाल्यावर एक उलट प्रश्नही घरात मोकळेपणाने मांडावा : माणूस वर का राहतो? तळमजल्यावर एक खोली मोकळी करून तिथे कमोड, पकडायला आडवे दांडे आणि पलंग अशी सोय केली, तर खर्च खुर्चीच्या काही अंशातच भागतो. दुकानाचे भाडे बुडेल हे खरे. ते वर्षाचे किती होते, हे कागदावर मांडून पाहावे. परंतु केवळ पैशाचा हिशेब करून आजींना खाली एकटे झोपवणे, आणि चूल, देवघर, नातवंडे सारी वर, हाही न्याय नव्हे. हा निर्णय त्यांना विचारूनच व्हावा.

सरकारी मदतीची अपेक्षा मर्यादित ठेवलेली बरी. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपयांची तरतूद आहे. त्यात खुर्ची येणार नाही, पण वॉकर येईल. खुर्ची बसवली तरी वॉकर दोन लागतात, एक वर आणि एक खाली. हे अनेकांच्या लक्षात खुर्ची सुरू झाल्यावरच येते.

विक्रेत्याला बोलावण्याआधी जिन्याची रुंदी, पायऱ्यांची संख्या व उंची मोजून ठेवा आणि वरून-खालून छायाचित्रे काढा. निदान दोन ठिकाणचे दर मागवा. शक्य असेल तर चालू खुर्ची बसवलेले एखादे घर पाहण्याचा आग्रह धरा आणि तिथे ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची, त्यांनाच बसवून एक फेरी मारू द्या. पाय पायदानावर नीट टेकतात का, बटण बोटांनी दाबले जाते का, वरच्या टोकाला उतरताना भीती वाटते का, हे त्यांच्याच तोंडून ऐका.