पोस्ट टाका, गल्ला राखा!

माहीत आहे का, इन्स्टाग्रामवरच्या पहिल्यावहिल्या फोटोंपैकी एक कशाचा होता? ना सेल्फी, ना सूर्यास्त! 16 जुलै 2010, मेक्सिकोतली एक टाकोची टपरी, तिथला कुत्रा आणि चपलेतलं एक पाऊल. फोटो टाकणारा खुद्द सहसंस्थापक केविन सिस्ट्रम. ॲप जगासाठी खुलं झालं ऑक्टोबरात. म्हणजे टपरी आधी ऑनलाइन, दुनिया नंतर!

टाकोचा विषय निघालाच आहे, तर चला लॉस एंजेलिसला. 2008 च्या अखेरीस तिथे ‘कोगी’ नावाचा फूड ट्रक सुरू झाला. शेफ रॉय चोई, मांस कोरियन चवीचं, गुंडाळायला मेक्सिकन टाको. पैसे टाका, टाको खा! पण ट्रक रोज वेगळ्या कोपऱ्यावर, मग गिऱ्हाइकाला सापडणार कसा? पठ्ठ्यांनी ट्विटरवर ठिकाण सांगायला सुरुवात केली. रांगा लागल्या, शेकड्यांनी! गंमत म्हणजे ट्वीटमध्ये कामाचीच माहिती: कुठे आणि किती वाजता. आपल्याकडे कित्येक दुकानांच्या पेजवर गुलाबासकट ‘शुभ सकाळ’ रोज असतं. दुकान सोमवारी बंद असतं, हे मात्र कुठेच नसतं.

भारतात टिकटॉकवर बंदी आली 29 जून 2020 ला. इन्स्टाग्रामचं रील्स आलं 8 जुलैला. नऊ दिवसांत नवा भिडू! ज्यांचं सगळं दुकान टिकटॉकवर होतं, त्यांचे फॉलोअर मात्र तिथेच राहिले. एकाच ॲपवर संसार थाटू नये, तो यासाठी.

व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरवरही चालतं, माहीत आहे का? व्हेरिफिकेशनचा कोड फोन करून सांगतात. कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या डबड्याला प्रमोशन!

आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टची मेख? ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, मेसेज फक्त त्यांनाच पोचतो. तुम्ही दिवाळीच्या फराळाची ऑफर उत्साहाने धाडता, पलीकडे चकलीचा वासही नाही! तेव्हा कॅरीबॅगवर नंबर छापाच, आणि बाजूला ठसठशीत लिहा: सेव्ह करा.

आता रिव्ह्यू. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या ‘बोटो बिस्त्रो’ने 2014 मध्ये काय केलं असेल? रिव्ह्यू साइट ‘येल्प’ला वैतागून त्यांनी जाहीर केलं: आम्हाला एक स्टार द्या, पिझ्झावर 25 टक्के सूट घ्या! लोकांनी हसत हसत शिव्या लिहिल्या आणि या छोट्या हॉटेलाची चर्चा जगभर झाली. अस्सल डोकॅलिटी. पण घरी करून बघू नका. विनोद जमला नाही तर उरतो फक्त एक स्टार.

न जमलेलं उदाहरणही आहे. ॲरिझोनातली ‘एमीज बेकिंग कंपनी’. 2013 मध्ये टीव्ही शोमध्ये शेफ गॉर्डन रॅमसीने त्यांच्यापुढे हात टेकले. पाठोपाठ त्यांच्या फेसबुक पेजवरून टीकाकारांवर आगपाखड झाली, मग ‘पेज हॅक झालं होतं’ असा खुलासा! 2015 मध्ये शटर खाली. भट्टी ओव्हनची तापवावी, डोक्याची नव्हे.

खोटे रिव्ह्यू? 2017 मध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने घरामागची शेड ‘रेस्टॉरंट’ म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर चढवली. मित्रांनी रिव्ह्यू लिहिले आणि ती लंडनमध्ये चक्क पहिल्या नंबरवर आली. तोवर वाढलेल्या थाळ्या शून्य!

हॅकची मात्र थट्टा नको. ‘आपली आजी’ चॅनलच्या सुमन धामणे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या. नातवाच्या साथीने यूट्यूब गाजवलं आणि 2020 मध्ये चॅनलच हॅक झालं! काही दिवसांनी परत मिळालं, सुटकेचा नि:श्वास. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ओटीपी मागणाऱ्याला ओ देऊ नका.

4 ऑक्टोबर 2021 आठवतोय? रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम आडवे, सुमारे सहा तास. ऑर्डरी चॅटमध्ये अडकल्या. जुन्या वहीत गिऱ्हाइकांचे नंबर लिहिणारे काका त्या रात्री निवांत झोपले असणार!

आणि हो, ‘किंमत किती?’ विचारणाऱ्याला ‘डीएम करा’ म्हणणं आता बंद करा. भाव खाऊ नका, भाव सांगा. इनबॉक्स उघडा, कुणीतरी उत्तराची वाट बघतंय!