चिऊचा घास आणि हातातला मोबाइल

दोन वर्षांचे मूल जेवत नाही, म्हणून आई त्याच्यासमोर मोबाइल ठेवते. कार्टून लागते, तोंड उघडते, वाटी रिकामी होते. आईचे काम झाले. पण तेवढ्या वेळात मायलेकरांत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही.

आईला दोष देणे सोपे आहे. वडील लूमच्या पाळीला, आजी गावी, गॅसवर कुकर. अशा वेळी मोबाइलच दाई होतो. तरीही त्याची किंमत समजून घ्यायला हवी. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही मत असेच आहे. आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

याचे कारण काय? अमेरिकेत सिएटल येथे २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या बाळांशी काही जणांनी चिनी भाषेत बोलत खेळ केला. बारा बैठकींनंतर ती बाळे त्या भाषेतले वेगळे ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणे टीव्हीवरून ऐकलेली बाळे मात्र काहीच शिकली नाहीत. भाषा माणसाकडून माणसाकडे जाते.

आपल्या बऱ्हाणपुरात तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची. बाजारात हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, कार्टूनही बहुधा हिंदी. मराठी उरते ती घरात, आईच्या मांडीवर. ती मांडीही मोबाइलने घेतली, तर मराठी कानावर पडणार कुठे?

उपाय अवघड नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. आपण निदान जेवणाची वेळ आणि झोपण्यापूर्वीचा एक तास मोकळा ठेवू या. मुलाला मटार सोलायला बसवा, भाकरी थापताना पिठाचा गोळा द्या, तापीच्या घाटावर न्या. मोठ्यांनीही आपला मोबाइल बाजूला ठेवावा, कारण मूल ऐकून नव्हे, बघून शिकते.

पहिले दोन-चार दिवस रडारड होईल. घास जरा उशिरा संपेल. पण चिऊ कुठे गेली, हे मूल आपल्यालाच विचारील, आणि तेही मराठीत.