मोठें भोजनगृह : इतिहास, रीत आणि मोल

नागपूरच्या रहिवाशांस जेवणाचें कौतुक नवें नाहीं. सावजीचा झणझणीत रस्सा, वडाभात, पुडाची वडी व हंगामांतील संत्र्याची बर्फी ज्या शहराच्या जिभेवर आहे, त्यास खाण्याची गोडी शिकविण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. परंतु ज्याची कीर्ति पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे अशा एखाद्या मोठ्या भोजनगृहाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांच्या, व कित्येक पालकांच्याहि, मनांत दोन टोंकांच्या कल्पना आढळतात. कोणास तें स्वर्गाचें दार वाटतें, तर कोणास निव्वळ उधळपट्टीचें ठिकाण. परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेला मुलगाहि दाराशीं उभा असलेला फेटेवाला दरवान पाहून मागें फिरतो. ही भीति अज्ञानांतून उत्पन्न होते, आणि अज्ञान दूर करणें हें तर शाळेचें कामच होय. म्हणून अशा भोजनगृहाचा इतिहास, तेथील रीत व तिचें खरें मोल यांचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम खाणावळ आणि भोजनगृह यांत भेद कोणता तें पाहूं. युरोपांतहि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रवाशास सराईंत जें शिजलें असेल तें, ठरल्या वेळीं, अनोळखी मंडळींच्या पंक्तीस बसून खावें लागे. पुढें पॅरिस शहरांत कांहीं दुकानदार अशक्त प्रकृतीच्या लोकांसाठीं मांसाचा पौष्टिक रस विकूं लागले. ‘रेस्टॉरंट’ ह्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘शक्ति परत आणणारें’ असा असून तो आरंभीं ह्या रसालाच लावीत. मागाहून तो रस जेथें मिळे त्या जागेस तेंच नांव पडलें. १७८२ च्या सुमारास आंत्वान बोव्हिलिए नांवाच्या आचाऱ्यानें पॅरिसमध्यें एक थाटाचें भोजनगृह उघडलें. स्वतंत्र मेज, पदार्थांची व त्यांच्या किंमतींची छापील यादी, अदबशीर वाढपी आणि आपल्या सोयीची वेळ, ह्या आज आपणांस साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या काळीं नवलाच्या होत्या. १७८९ ची राज्यक्रांति झाल्यावर सरदारांच्या घरचे अनेक आचारी उघड्यावर पडले व त्यांपैकीं कित्येकांनीं हाच धंदा धरला. जें जेवण पूर्वीं केवळ जन्माच्या अधिकारानें मिळे, तें आतां पैसे देणाऱ्या कोणासहि मिळूं लागलें. हा फरक लहान नव्हे, आणि तो अपुराहि आहे. त्याचा विचार पुढें येईलच.

आतां आपल्या देशांतील उदाहरण घेऊं. मुंबईचें ताजमहाल हॉटेल सर्वांच्या ऐकिवांत आहे. परंतु त्याचा नागपूरशीं असलेला संबंध पुष्कळांस ठाऊक नसतो. जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९–१९०४) यांनीं १८७४ मध्यें एक कंपनी स्थापून नागपुरांत कापडाची गिरणी बांधिली. ती १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्याच दिवशीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यांत आलें, यावरून गिरणीस ‘एम्प्रेस मिल’ हें नांव मिळालें. ती गिरणी २००२ मध्यें बंद झाली. तथापि ज्या उद्योगांनीं जमशेटजींचें भाग्य उदयास आणलें त्यांत आपल्या नागपूरच्या ह्या गिरणीचा मान अग्रगण्य होता. अर्थात् ताजच्या संगमरवरी फरशीखालीं नागपूरच्या कामकऱ्यांचा घाम कोठें तरी मुरलेला आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनीं तयार केला. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज शिल्पकारानें काम पुरें केलें. विजेचे दिवे, पाळणे व पंखे अशी सामग्री जमशेटजींनीं परदेशांतून मागविली. समोरचें ‘गेटवे ऑफ इंडिया’ १९२४ मध्यें उघडलें, म्हणजे हॉटेल त्याहून वयानें वडील आहे. वॉटसनच्या हॉटेलांत जमशेटजींस प्रवेश नाकारला गेला व त्या अपमानाच्या पोटीं ताजचा जन्म झाला, अशी कथा फार लोकप्रिय आहे. परंतु कित्येक अभ्यासक तिला पुराव्याचा आधार मानीत नाहींत. १८९६ च्या प्लेगनें मुंबईची जी दैना झाली होती, तिच्यांतून शहर वर यावें ही तळमळ, हें कारण अधिक संभवनीय दिसतें. पहिल्या महायुद्धांत ह्याच इमारतींत जखमी सैनिकांचें रुग्णालय होतें. एवढ्या वैभवाचें घर तयार झालेलें पाहून सहा महिने झाले नाहींत तोंच, मे १९०४ मध्यें जमशेटजींनीं जर्मनींत देह ठेविला.

मोठ्या भोजनगृहाचें रहस्य त्याच्या झुंबरांत नसून त्याच्या स्वयंपाकघरांत असतें. ओग्युस्त एस्कोफिए (१८४६–१९३५) या विख्यात फ्रेंच आचाऱ्यानें स्वयंपाकघराची रचना पलटणीप्रमाणें केली. एकाकडे रस व सार, दुसऱ्याकडे मासळी, तिसऱ्याकडे भाजलेलें मांस, चौथ्याकडे पीठ व मिठाई, आणि सर्वांवर एक मुख्य आचारी. गिऱ्हाईक येण्यापूर्वीं कित्येक तास भाज्या चिरून, रस आटवून व मसाले मोजून ठेविलेले असतात. मागणी येतांच चौघेजण आपापलें काम एकाच वेळीं पुरें करितात. म्हणूनच एका मेजावरील चार निरनिराळे पदार्थ एकदमच व ऊन ऊन येतात. ज्यांनीं आपल्या घरीं लग्नकार्याची पंगत उठविली आहे त्यांस ही शिस्त किती कठीण आहे तें सांगावयास नको. मुंबईच्या अशा स्वयंपाकघरांत गोमंतकीय आचाऱ्यांनीं मोठें नांव मिळविलें. ‘मास्की’ ह्या लाडक्या नांवानें ओळखले जाणारे मिगेल मास्कारेन्हस हे ताजच्या मुख्य आचाऱ्याच्या पदापर्यंत चढले.

आतां मुलांच्या भीतीचा खरा विषय, म्हणजे सुरी व कांटा. आमच्या वर्गांत हा प्रश्न निघाला असतां एका मुलानें भाबडेपणानें विचारलें, “सर, इतकीं हत्यारें कशाला?” मुलें हंसलीं, परंतु प्रश्न योग्य होता. त्याचें उत्तर आपल्याच ताटांत आहे. आपल्या पानावर मीठ वरच्या बाजूस मधोमध, चटणी व कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. ही जागा कोणी बदलली तर आजी तत्काळ टोंकते. तिकडचें मेज असेंच एक पान होय. भेद एवढाच कीं आपल्याकडे सारे पदार्थ एकदम वाढतात, व तिकडे ते एकामागून एक येतात. प्रत्येक पदार्थाचें साहित्य त्याच्या क्रमानें मांडलेलें असतें. म्हणून बाहेरच्या बाजूनें आरंभ करून आंत आंत यावें, एवढा एक नियम लक्षांत ठेविला म्हणजे पुरे. कांटा डाव्या हातीं, सुरी उजव्या हातीं. पावाची लहान बशी आपल्या डावीकडची, पाण्याचा पेला उजवीकडचा. रुमाल मांडीवर पसरावा. जेवण आटोपल्याची खूण म्हणून सुरी व कांटा ताटांत एकमेकांशेजारीं सरळ ठेवावीं. वाढपी तें पाहून न विचारतां ताट उचलतो. लिंबाची फोड घातलेलें कोमट पाण्याचें भांडें आल्यास तें बोटें धुण्यासाठीं आहे, पिण्यासाठीं नव्हे. पोळी-भाजी वा वरण-भात असेल तर स्वच्छ हातानें जेवण्यांत यत्किंचितहि कमीपणा नाहीं. आणि एखादी गोष्ट समजली नाहीं तर वाढप्यास मोकळेपणानें विचारावें. चांगल्या भोजनगृहाचा वाढपी विचारणाऱ्यास कधींहि हंसत नाहीं.

पालकांसाठीं दोन शब्द पैशांविषयीं. यादींतील किंमतींत केवळ तांदूळ-तुपाचें मोल नसतें. जागेचें भाडें, रोज धुतलेलें कापड, फुटणारीं भांडीं आणि अनेक माणसांचें वेतन तींत मिळविलेलें असतें. तेव्हां ‘घरीं हें वीस रुपयांत झालें असतें’ हा हिशेब तेथें करूं नये. तो हिशेब घरून निघण्यापूर्वींच करावा, व ऐपत नसेल तर खुशाल जाऊं नये. ऋण काढून मेजवानी करणें हें शहाणपण नव्हे. बिलावर सरकारी कर असतो तो द्यावाच लागतो. परंतु ‘सेवाशुल्क’ म्हणून जी रक्कम कोठें कोठें आपोआप जोडतात, ती सक्तीची नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें तसे निर्देश काढले, व मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें ते उचलून धरले. वाढप्यास स्वखुशीनें कांहीं द्यावें. पण त्याच्याशीं गोड बोलणें हें त्याहूनहि आधीं द्यावें.

येथवर रीतीचें वर्णन झालें. आतां तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न : त्या मेजाशीं कोणी बसावें? आपल्या देशांत कोणाच्या हातचें खावें व कोणाशेजारीं बसावें, ह्या प्रश्नावर घराणीं दुभंगलीं आहेत. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. त्यांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांसारखे थोर पुरुष होते. उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि एका पेला चहावरून प्रायश्चित्तांचा वाद कित्येक महिने गाजला. ही झाली वरिष्ठ वर्गाची कथा. ज्यांस पेलाच मिळत नसे त्यांची कथा याहून दारुण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांत उच्च विद्या संपादून १९१७ मध्यें बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांस राहावयास जागा मिळेना; एका पारशी विश्रामगृहांत ते नांव बदलून राहिले, व त्यांची जात कळतांच त्यांस तेथून बाहेर काढण्यांत आलें. हा प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेविला आहे.

त्याच पुरुषाच्या अध्यक्षतेखालीं मसुदा समितीनें जी राज्यघटना सिद्ध केली, तिच्या पंधराव्या अनुच्छेदांत स्पष्ट सांगितलें आहे कीं धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाहि नागरिकास दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांत प्रवेश नाकारतां येणार नाहीं. ही घटना २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आली. पुढें ऑक्टोबर १९५६ मध्यें धम्मदीक्षेसाठीं बाबासाहेब नागपुरास आले, तेव्हां त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलांत होता. बडोद्याच्या विश्रामगृहापासून सीताबर्डीच्या हॉटेलापर्यंतचें अंतर नकाशावर मोजूं नये. तें एकोणचाळीस वर्षांच्या झगड्यानें मोजावें. आज एखाद्या मोठ्या भोजनगृहाच्या दाराशीं आमचा विद्यार्थी संकोचानें थबकला, तर त्यानें हें स्मरावें कीं तें दार त्याच्यासाठीं कोणी मेहेरबानीनें उघडलेलें नाहीं. पैशाची अडचण असूं शकेल. परंतु लाज बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं.

शेवटीं सेवकांविषयीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दहशतवाद्यांनीं ताजवर हल्ला केला. हॉटेलांत एकतीस माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत आचारी, वाढपी व इतर सेवकहि होते. त्यांस मागच्या वाटा ठाऊक होत्या, निसटून जाणें शक्य होतें. तरीहि त्यांपैकीं अनेकजण मागें राहिले व पाहुण्यांस स्वयंपाकघराच्या मार्गानें बाहेर काढूं लागले. कित्येकांनीं पाहुण्यांभोंवतीं आपल्या देहांची भिंत केली. जुन्या इमारतीचा भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजीं पुन्हां उघडला. ‘वाढपी’ हा शब्द ज्यांच्या तोंडीं तुच्छतेनें येतो, त्यांनीं त्या रात्रीचें स्मरण ठेवावें.

सारांश, विद्यार्थिमित्रहो, सुरी-कांट्याची रीत एका संध्याकाळीं शिकतां येते. ती न आल्यानें कोणी असभ्य ठरत नाहीं. जो चुटक्या वाजवून वाढप्यास हांक मारतो, ताटांत अन्न टाकून उठतो, किंवा शेजारच्या मेजावरील साध्या वेषांतल्या कुटुंबाकडे पाहून हंसतो, तो मात्र सगळीं हत्यारें बिनचूक चालवीत असला तरी असभ्यच होय. तुमच्यांतील कांहीं पुढें अशा मेजाशीं पाहुणे म्हणून बसतील, कांहीं तेथें आचारी वा व्यवस्थापक म्हणून उभे राहतील. दोन्ही जागा मानाच्या आहेत. त्या मेजाची तयारी आजपासूनच, घरच्या ताटापाशीं, वाढणाऱ्या आईला ‘तूं जेवलीस काय?’ एवढें विचारून सुरू करावी, हीच आमची सूचना आहे.